गाणं वाजतंय, पण सेल्फ घेत नाही!

बंगळूरच्या जयनगरात, चौथ्या ब्लॉकमध्ये, शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. समजा, ती तुम्हाला लागली. बाबा म्हणाले, "बसा गाडीत, कॉफीपूड दळून घेऊन आलोच पाच मिनिटांत." कॉफीच्या दुकानातली पाच मिनिटं कशी असतात, ते बंगळूरकरांना सांगायला नको. आधी रांग, मग चिकोरी किती टाकायची यावर चर्चा, मग कुणीतरी ओळखीचं भेटतं. इकडे आईनं इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. पण तुम्ही "गाणी, गाणी!" असा घोशा लावलात म्हणून किल्ली एक खाच पुढे ठेवली. दादानं मोबाइल चार्जिंगला लावला. ताईनं गोष्टीचं पुस्तक उघडलं आणि आतला दिवा लावला. पाऊण तासानं बाबा आले, आईनं किल्ली फिरवली आणि...

टक्. टक्-टक्-टक्-टक्.

इंजिन ढिम्म. फुटपाथवरचा फुलवाला हार ओवता ओवता निदान करून मोकळा झाला, "ब्याटरी डौन आगिदे!" कन्नड येत नसलं तरी एवढं कळतंच. बॅटरी उतरली.

आता खरं कोडं ऐका. फुलवाला हे सांगत होता तेव्हा गाडीत गाणं चालूच होतं. पडदा उजळलेला, दिवा लागलेला, मोबाइल चार्ज होतोय. बॅटरी उतरली असेल, तर गाणं कशावर वाजतंय? आणि उतरली नसेल, तर गाडी सुरू का होत नाही?

मोठ्या माणसांना विचारून पाहा. दहातले नऊ जण म्हणतील, "अरे, थोडीशी उरली असेल." उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. आणि राहिलेला अर्धा भाग जास्त मजेचा आहे.

आधी किल्लीकडे बघू. किल्ली घालायच्या भोकाभोवती बारीक अक्षरं कोरलेली असतात. पहिली खाच लॉक, दुसरी एसीसी, तिसरी ऑन आणि शेवटची स्टार्ट. काही गाड्यांत ही नावं थोडी वेगळी असतात, काहींत एसीसी नसतेच, पण साधारण मामला हाच. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबलं की बहुधा एसीसी, पुन्हा दाबलं की ऑन. एसीसीत गाणी, पडदा, चार्जिंगचं सॉकेट एवढीच मंडळी जागी होतात. ऑनमध्ये मात्र इंजिनाचा संगणक, पेट्रोलचा पंप, वारा फेकणारा पंखा, झाडून सगळे हजेरी लावतात आणि सगळे बॅटरीतूनच खातात. म्हणून नुसती गाणी ऐकायची असतील तर एसीसीच्या खाचेवरच थांबावं. समोर बॅटरीचं आणि तेलाच्या डब्याचं चित्र लाल पेटलेलं दिसलं, तर समजा किल्ली एक खाच जास्त पुढे गेली आहे. हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. तुम्ही खुशाल सांगा.

(आणि हो, एसीसी म्हणजे एसी नव्हे. नेहमीच्या पेट्रोल गाडीचा एसी इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद, तर गारवाही बंद. मग पंखा कितीही फिरवा, नुसताच वारा.)

आता कागद-पेन्सिल घ्या, थोडा हिशेब करू. तारेतून वीज किती जोरात वाहते ते अँपिअरमध्ये मोजतात. गाणी आणि पडदा मिळून अंदाजे 3 अँपिअर घेतात असं धरू. इंजिन सुरू करणारी मोटर, जिला गॅरेजमध्ये सगळे 'सेल्फ' म्हणतात, ती छोट्या गाडीतसुद्धा 150 अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणजे गाण्याच्या पन्नासपट! पण किती वेळ? गाडी धडधाकट असेल तर जेमतेम एक सेकंद.

150 अँपिअर एक सेकंद, म्हणजे 150 गुणिले 1. उत्तर 150.
3 अँपिअर पन्नास सेकंद, म्हणजे 3 गुणिले 50. उत्तर 150!

पाहिलंत? एकदा गाडी सुरू करायला बॅटरीतून जेवढी वीज जाते, तेवढी तुमच्या गाण्याचं ध्रुवपद आणि अर्धं कडवं होईपर्यंत निघून गेलेली असते. पाऊण तास गाणी ऐकलीत म्हणजे पन्नासहून जास्त वेळा गाडी सुरू करता येईल एवढी वीज गेली. मला हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा खरंच वाटेना. आपल्याला वाटतं, गाडी सुरू करणं हा केवढा मोठा खर्च! खर्च फुटकळच आहे. अडचण एवढीच की तो सगळाच्या सगळा एका सेकंदात, रोख हवा असतो. त्या सेकंदात बॅटरी सुमारे दीड हजार वॉटचा जोर लावते. घरातले 750 वॉटचे दोन मिक्सर एकदम लावले तर जेवढा लागेल तेवढा.

एवढा जोर कशाला, असं कुणी विचारेल. पेट्रोलचं इंजिन स्वतःहून सुरू होऊच शकत नाही. आधी हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, ते दाबायचं, मग ठिणगी पाडायची, तेव्हा कुठे पहिला स्फोट होतो आणि तिथून पुढे इंजिन आपलं आपण फिरतं. पण त्या पहिल्या स्फोटाआधी त्याला बाहेरून कुणीतरी फिरवावंच लागतं. पूर्वी हे काम माणूस करायचा. गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल घालायचं आणि जीव खाऊन फिरवायचं. आपल्याकडच्या अँबॅसडर गाडीलाही असं हँडल होतं. आजोबांना विचारा, त्यांनी नाही तर त्यांच्या एखाद्या मित्रानं ते नक्की मारलं असेल. कधी कधी इंजिन उलटा हिसका द्यायचं आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. विजेच्या मोटरनं इंजिन फिरवावं ही कल्पना त्याच्याआधीही लोकांना सुचली होती, पण आकडेमोड केली की गाडं अडायचं. इंजिन फिरवण्याएवढी ताकदवान मोटर आणि तिची बॅटरी एवढी मोठी होई की गाडीत माणसांना जागाच उरू नये. केटरिंगनं याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी मोटर बनवली होती. त्या यंत्रात मोटरला दिवसभर फिरायचं नसतं. बटण दाबलं की एक हिसका द्यायचा आणि गप्प बसायचं. मग गाडीतही तेच का नको? छोटीशीच मोटर घ्यायची, तिच्याकडून क्षणभर झेपेल त्याहून जास्त काम करून घ्यायचं आणि ती तापायच्या आत थांबवायची. 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्यांत हा सेल्फ बसला आणि हँडलाचे दिवस भरले. आईनं किल्ली फिरवल्यावर जो खर्र आवाज येतो, तो मूळचा त्या गल्ल्याचा.

आता बॅटरीच्या पोटात शिरू. मनातल्या मनातच हं! खरी बॅटरी उघडायची नसते, आत तेजाब असतं.

बाहेरून एकच खोकं दिसतं, पण आत सहा कप्पे असतात. पूर्ण भरलेला प्रत्येक कप्पा साधारण 2.1 व्होल्ट देतो. सहा कप्प्यांचे झाले 12.6. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या एकीशेजारी एक उभ्या असतात. एक पट्टी शुद्ध शिशाची, तिच्यापुढची शिसं आणि ऑक्सिजन मिळून झालेल्या तपकिरी पदार्थाची, पुन्हा शिशाची, असं आलटून पालटून. मधल्या फटींत पाणी घातलेलं सल्फ्युरिक आम्ल. वीज वापरली जाते तसं हे आम्ल दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतं. तिथे शिशाचं सल्फेट नावाची पांढरट पुटं चढतात आणि फटींत उरतं ते जास्त जास्त पाणचट होत जातं. उलट बाजूनं वीज भरली की पुटं विरघळतात, आम्ल पुन्हा द्रवात उतरतं आणि बॅटरी ताजीतवानी होते.

ही युक्ती 1859 साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते याला सुचली. पुन्हा पुन्हा भरता येणारी ती पहिली बॅटरी. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, अशी वळकटी करून त्यानं ती आम्लात बुडवली होती. या गृहस्थाची आणखी एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. त्याच्या चार वर्षं आधी, 1855 मध्ये, त्याला पॅरिसजवळ एका प्रचंड मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याचं हाड सापडलं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच नाहीसा झालेला पक्षी! शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याचं नाव गास्तोंवरून गास्टॉर्निस ठेवलं. बॅटरी आणि राक्षसी पक्षी, दोन्ही एकाच माणसाच्या खाती. तुमच्या पाहण्यात असा दुसरा कुणी असेल तर मला कळवा.

काही बॅटऱ्यांच्या झाकणावर बोटाच्या नखाएवढी गोल काच असते. बॉनेट उघडलेलं असेल तेव्हा मोठ्यांबरोबर उभं राहून ती जरूर बघा. आत हिरवं दिसलं तर बॅटरी बऱ्यापैकी भरलेली, काळं दिसलं तर उतरलेली. त्या काचेखाली चिमुकला हिरवा गोळा असतो. आम्ल दाट असेल तर तो तरंगून वर येतो, पाणचट झालं की बुडतो. भरलेल्या बॅटरीतला द्रव पाण्याच्या सुमारे 1.28 पट जड असतो. पार उतरलेल्या बॅटरीत तो पाण्याहून थोडासाच जड राहतो. तारा नाहीत, मीटर नाही, नुसता एक गोळा! मात्र तो सहापैकी एकाच कप्प्यात असतो, बाकीच्या पाचांची बातमी त्याला नसते. त्यामुळे हिरवा डोळा दिसला म्हणून फार निर्धास्त राहू नये.

आणि आता आपलं कोडं. गाडीची बॅटरी ही शंभर मीटर धावणारी खेळाडू आहे, वारीला चालणारी नव्हे. सुसाट धावायला मिळावं म्हणून तिच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ केलेल्या असतात. जितक्या पट्ट्या जास्त, तितकी आम्लाला भिडणारी जागा जास्त, आणि तितकी वीज एका झटक्यात बाहेर. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी बघा. तीही शिशाचीच, पण तिच्या पट्ट्या जाड असतात, कारण तिला वीज गेल्यावर तासन्‌तास पंखे आणि दिवे ओढायचे असतात. ती खरी वारकरी. गाडीच्या बॅटरीला तासन्‌तास गाणी वाजवायला लावणं म्हणजे धावपटूला आळंदीहून पंढरपूरला चालत न्यायचं आणि पोचल्या पोचल्या शिट्टी वाजवून म्हणायचं, पळ! तो चार पावलं चालेल, गप्पाही मारेल. पळणं मात्र विसरा.

नेमकं हेच चौथ्या ब्लॉकमध्ये झालं. पट्ट्यांवर पुटं चढली, आम्ल पाणचट झालं. गाण्याचे 3 अँपिअर त्यातूनही हळूहळू पाझरत राहिले. पण 150 एकदम? वाटच अडलेली.

तो टक्-टक् आवाजही याच भांडणाचा. सेल्फच्या पाठीवर एक विजेचा लोहचुंबक असतो, सोलेनॉइड. किल्ली फिरवली की तो आतला जाड तांब्याचा तुकडा खेचतो आणि बॅटरीची वाट मोटरकडे खुली करतो. हा खेचण्याचा आवाज म्हणजे पहिला 'टक्'. वाट खुली होताच मोटर वीज ओढू लागते आणि थकलेल्या बॅटरीचे व्होल्ट धाडकन पडतात. एवढे पडतात की चुंबकालाच ताकद उरत नाही आणि तो तुकडा सोडून देतो. सोडला की वाट बंद, ओढ संपली, व्होल्ट पुन्हा वर. मग चुंबक पुन्हा खेचतो. टक्. पुन्हा सोडतो. सेकंदात कितीतरी वेळा. म्हणजे टक्-टक् येत असेल तर समजा, बॅटरीत जीव आहे, जोर नाही.

मग गाणी ऐकायचीच नाहीत की काय? ऐका की! छोट्या गाडीच्या बॅटरीवर बहुतेक 35 एएच असं छापलेलं असतं. एएच म्हणजे अँपिअर-तास. कारखान्याच्या मापात याचा अर्थ, 1.75 अँपिअरनं वीस तास. पण ती तळापर्यंत उपसून चालत नाही; अर्धी उरली की सेल्फ कुरकुरायला लागायची भीती. म्हणजे नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर 3 अँपिअरची गाणी कागदावर पाच-सहा तास चालतील. पुढचे मोठे दिवे जळत ठेवलेत तर गोष्टच वेगळी. जुन्या पद्धतीचे 55 वॉटचे दोन दिवे मिळून 9 अँपिअर खातात. दोन तासांत बॅटरी अर्धी! तिसऱ्या-चौथ्या वर्षातली म्हातारी बॅटरी यातलं निम्मंही सोसत नाही, आणि आपल्या गोष्टीतली तशीच होती. म्हणून माझा सल्ला अर्ध्या तासाचा. अर्धा तास गाणी, मोठे दिवे बंद, पंखा बंद. काही नव्या गाड्या तर थोड्या वेळानं आपणच एसीसी बंद करून टाकतात. त्यांनी तसं केलं की चिडू नका.

गाडी चालू असताना बॅटरी भरण्याचं काम अल्टरनेटर करतो. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि 14 व्होल्टच्या आसपास वीज देतो. पण घर ते चौथा ब्लॉक, चौथा ब्लॉक ते शाळा, एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बॅटरीला पोटभर जेवायला वेळच मिळत नाही. ती सदाच थोडी अर्धपोटी. आणि नुसती उभी गाडीही पूर्ण झोपत नाही! घड्याळ, चोरांसाठीचा भोंगा, किल्लीची वाट बघणारं यंत्र, सगळे थेंब थेंब वीज पीत असतात. म्हणून 2020 च्या टाळेबंदीत तळघरात आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या नंतर सुरूच होईनात. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की पट्ट्यांवरची पुटं कडक खडे होऊन बसतात, मग ती कितीही भरा, पूर्वीसारखी होत नाही.

कुणी म्हणेल, आमची गाडी विजेवरचीच आहे, आम्हाला काय त्याचं! थांबा. तिच्यातही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. दारं, दिवे, पडदा आणि मोठ्या बॅटरीला जोडून घेणारी यंत्रणा त्या छोटीवर चालते. ती उतरली तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. आणि विजेची गाडी ही बंगळूरला काही नवलाई नाही. 2001 साली याच शहरातून रेवा नावाची दोन दारांची बुटकी गाडी बाजारात आली. ती चालायचीच शिशाच्या बॅटऱ्यांवर! 6 व्होल्टच्या आठ, मिळून 48 व्होल्ट. अर्थात त्या वारकरी जातीच्या, एका भरणीत सुमारे 80 किलोमीटर चालणाऱ्या. लंडनच्या रस्त्यांवरही ती 'जी-विझ' या नावानं फिरली.

बरं, उतरलेल्या बॅटरीचं करायचं काय? गिअरची गाडी असेल तर धक्का स्टार्ट. किल्ली ऑनवर, क्लच दाबलेला, दुसरा गिअर, चार जणांनी ढकलायचं आणि वेग आला की आईनं क्लच सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात, सेल्फचं काम चाकांनी केलं! बॅटरी अगदीच ठार असेल तर मात्र हेही चालत नाही, कारण पेट्रोलच्या पंपाला आणि ठिणगीला थोडी तरी वीज लागतेच. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. तिथे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज जाड तारांनी उसनी घ्यायची. हे काम मोठ्यांचं. तुम्ही चार पावलं लांब उभं राहून एकच गोष्ट टिपा. लाल तार दोन्ही बॅटऱ्यांच्या अधिक टोकांना लागते. काळ्या तारेचं पहिलं टोक चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, पण शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला लावत नाहीत, इंजिनाच्या एखाद्या उघड्या लोखंडी भागाला लावतात. का? शेवटचं टोक टेकवताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. हायड्रोजनला ठिणगी दाखवणं बरं नव्हे! आणि बॅटरी भरायला म्हणून बंद तळघरात इंजिन चालू ठेवून कुणी बसत असेल, तर त्यांना आधी बाहेर बोलवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याचा वास येतो, आणि तो जीव घेऊ शकतो.

बंगळूरात नवी बॅटरी घ्यायची तर मोटारीच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे तो जे. सी. रोड. जे. सी. म्हणजे म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार. 1948 साली वसायला लागलेल्या जयनगरचं नावही त्यांच्यावरूनच. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायला विसरू नका, तो किमतीत सूट देतो. त्यातलं शिसं वितळवून पुन्हा नवी बॅटरी बनते. ते कचऱ्यात गेलं, तर माती-पाण्यात विष.

शेवटी एक प्रयोग, पुढच्या वेळी संध्याकाळी गाडीत बसाल तेव्हाचा. आईला किंवा बाबांना सांगून किल्ली एसीसीवर ठेवा, गाणं लावा, छतातला दिवाही लावा. मग त्यांना गाडी सुरू करू द्या आणि त्या एका सेकंदात डोळे दिव्यावर, कान गाण्यावर ठेवा. दिवा बारीक होईल. 12 चे 10 व्होल्ट होताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. (दिवा एलईडीचा असेल तर कदाचित फरक दिसणार नाही.) गाणं मात्र बहुतेक गाड्यांत क्षणभर तोंड मिटेल. ते का, ते आता तुम्ही सांगा. एक इशारा देतो: ते बॅटरीच्या अशक्तपणामुळे थांबत नाही. स्टार्टच्या खाचेवर किल्ली गेली की गाडीच मुद्दाम त्याची वीज तोडते. त्या सेकंदाला जेवढे अँपिअर असतील, तेवढे सगळे सेल्फला हवे असतात.